हसू कुणावर येतंय? लिफ्टच्या स्किटवरून एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा गट महिन्याला दोन विनोदी स्किट्स टाकतो. विषय हुंडा, जात, घरकाम, सोसायटीतले नियम असे. गेल्या स्किटचा विषय होता, घरकामाला येणाऱ्या बायकांनी मोठ्या, म्हणजे पॅसेंजर लिफ्टनं जायचं नाही, सर्व्हिस लिफ्टनंच जायचं, हा अनेक इमारतींतला नियम. व्ह्यूज चांगले आले. पण कमेंटमध्ये ‘मावशीचं काम एक नंबर’ यापलीकडे काही नाही. ज्यांच्यावर टीका केली त्याच सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्किट मजेत फिरतंय. मुद्दा का पोहोचत नाही?

कॅमेरा, एडिटिंग, पोस्ट करायची वेळ हे सगळं नंतर बघू. दोष संहितेत आहे आणि तो पेन्सिल घेऊन मोजता येतो. संहितेचा प्रिंट काढा. जिथे प्रेक्षक हसेल असं वाटतं तिथे खूण करा आणि समासात हे हसू कुणावर आहे एवढंच लिहा. तीन मिनिटांच्या स्किटमध्ये साधारण नऊ ते बारा हशे असतात. तुमच्यात अकरा आहेत. त्यातले आठ मावशीवर आहेत: मोठ्या आवाजातली रिंगटोन, ‘लिफ्ट’ला ‘लिप’ म्हणणं, सुट्ट्यांचा हिशेब, या घरातलं त्या घरात सांगणं वगैरे. दोन सेक्रेटरीच्या दटावण्यावर, तेही त्याच्या बाजूनं. एक झोपलेल्या वॉचमनवर. ज्यांनी नियम केला त्यांच्यावर एकही नाही. शेवटी एक तरुण रहिवासी चाळीस सेकंद बोलतो की त्याही माणसंच आहेत. तोवर प्रेक्षक मावशीला हसून मोकळा झालेला असतो. स्किटचं म्हणणं तो हशांमधून उचलतो. भाषण सुरू झालं की बोट पुढच्या व्हिडिओकडे जातं.

समासातल्या नावांपैकी निम्म्याहून जास्त नावं सोसणाऱ्याची असतील, तर संवाद दुरुस्त करत बसू नका, प्रसंगच बदला. इथे लिफ्टचं दार हाच चुकीचा प्रसंग आहे. दारात अडलेली बाई आणि अडवणारा वॉचमन, दोघंही पगारी माणसं. नियम करणारा तिथे नसतोच. मग हसायला उरतात हीच दोघं. नियम जिथे होतो, म्हणजे कमिटीची बैठक, तिथे कॅमेरा न्या. नोटीस लिहिली जातेय. ज्याला काहीतरी करायचं आहे पण त्याचं नाव घ्यायचं नाही, अशा माणसाच्या तोंडून विनोद आपोआप निघतो. हा मधला तुकडा बघा:

सेक्रेटरी : टाइप करा. ‘रहिवाशांव्यतिरिक्त इतरांनी पॅसेंजर लिफ्ट वापरू नये.’
चेअरमनबाई : रविवारी आमचे व्याही येतायत.
सेक्रेटरी : ‘पाहुणे वगळून.’
खजिनदार : ऑडिटला सीए येतात.
सेक्रेटरी : ‘पाहुणे व सीए वगळून.’
चेअरमनबाई : माझे फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचे.
सेक्रेटरी : ‘पाहुणे, सीए व गुडघ्याचे फिजिओथेरपिस्ट वगळून.’
मॅनेजर : सर, मग राहिलं कोण?
(तीन सेकंद कुणी बोलत नाही.)
सेक्रेटरी : ते सगळ्यांना माहीत आहे.
मॅनेजर : हो सर, पण टाइप काय करू?
सेक्रेटरी : टाइप नको करू. लिहिलं तर वाईट दिसतं.

इथे सहा-सात हशे आहेत आणि समासात प्रत्येकापुढे कमिटीचंच नाव येतं. मावशी अजून पडद्यावर आलेलीही नाही. ‘राहिलं कोण’ हा प्रश्न कुणाच्या तोंडी दिलाय तेही बघा. तरुण, सुशिक्षित, योग्य विचारांच्या रहिवाशाला दिला असता तर तो लेखकाचा वकील झाला असता, आणि वकिलाचं बोलणं आपण सावधपणे ऐकतो. मॅनेजर सोसायटीचा नोकर आहे. त्याला वाक्य पूर्ण करून प्रिंट काढायचाय, म्हणून तो विचारतो. त्यात त्याचा चांगुलपणा नाही, कामाची गरज आहे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या राजाला किंवा हवालदाराला असाच भोळा प्रश्न विचारतो. तो हुकूम अक्षरशः पाळायला जातो, आणि हुकमातली विसंगती हुकूम देणाऱ्याच्याच अंगावर येते. सत्यशोधक जलशांनी सावकारी आणि भटशाहीवर बोलायला तमाशाचा साचा घेतला, तेव्हा बतावणीची ही सोय त्यांना तयारच मिळाली. आपल्याकडे हे हत्यार जुनं आणि चांगलं पारखलेलं आहे. ऑनलाइन स्किट लिहिणाऱ्यांनी परदेशी चॅनेल बघण्याआधी चार जुनी वगनाट्यं वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

नियम शेवटपर्यंत नेणं हे यानंतरचं काम. ‘लिहिलं तर वाईट दिसतं’ वर थांबलात तर चांगला चुटका होईल, स्किट होणार नाही. नियम खरा मानायचा, त्याच्या पोटातून पुढचा प्रश्न काढायचा, मग त्याचा पुढचा. समजा नोटिशीत पाळीव प्राण्यांना पॅसेंजर लिफ्टची मुभा आहे. आठव्या मजल्यावरच्या ब्रूनोला रोज फिरायला कोण नेतं? संगीतामावशी. मग ब्रूनो पॅसेंजर लिफ्टनं, मावशी सर्व्हिसनं, खाली भेटतील. बटण कोण दाबणार? मावशी बाहेरून हात घालून दाबतील. या दोन उत्तरांवर कमिटीतलं कुणीही हसता कामा नये. त्यांना हा प्रश्न सुटल्याचं समाधान वाटलं पाहिजे. मग मॅनेजर विचारतो, ‘सर, मी कुठल्या लिफ्टनं जाऊ?’ याला उत्तर देऊ नका. चौघांचे चेहरे, आणि कट. शेवटचा शॉट तळमजल्याचा. मोठ्या लिफ्टचं दार उघडतं, आत एकटा ब्रूनो बसलाय. बाजूच्या लिफ्टमधून मावशी बाहेर येते, पट्टा हातात घेते आणि म्हणते, ‘चला साहेब.’

हे दोन शब्द मावशीला दिलेच पाहिजेत. सोसणाऱ्या माणसाला पूर्ण गप्प ठेवलं की ते बिचारं होतं, आणि बिचाऱ्याची कीव करून प्रेक्षक सुटतो. तिला एक हशा द्या, पण तिच्यासोबत हसण्याचा. तिला सगळं कळतंय, हे त्या एका वाक्यात दिसतं.

हाच मार्ग २०१३ च्या सप्टेंबरात एआयबी या विनोदी गटानं बलात्काराच्या विषयावरच्या व्हिडिओत घेतला होता. कल्की केकलां आणि जुही पांडे कॅमेऱ्याकडे बघून, हसतमुखानं, बाईच कशी दोषी हे सांगत जातात. ‘हे चूक आहे’ असं कुणी म्हणत नाही. युक्तिवाद स्वतःच्याच वजनानं कोसळतो. तुमच्या विषयाला हा साचा बसतो का, हे तपासायची सोपी खूण म्हणजे ‘नियम असा आहे की…’ अशी सुरुवात होते का ते बघणं. हुंड्यात ‘आम्ही काही मागितलं नाही’, लग्नाच्या स्थळात ‘जातीचं बंधन नाही, फक्त…’, भाड्याच्या घरात ‘व्हेज फॅमिली प्रिफर्ड’ अशी वाक्यं वापरात आहेतच. ती तुम्हाला तयार मिळतात. फक्त पुढे न्यायची.

आता ग्रुपवर मजेत फिरण्याबद्दल. ही अडचण जुनी आणि अभ्यासलेली आहे. अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका १९७१ पासून चालली. तिच्यातला आर्ची बंकर हा वंशद्वेषी बाप हास्यास्पद दिसावा, हा लेखकांचा हेतू होता. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पूर्वग्रह जास्त असलेल्या प्रेक्षकांना आर्चीच पटत होता, वादात तोच जिंकतो असं त्यांना वाटत होतं. तुमचा सेक्रेटरी कडक, स्पष्टवक्ता, मिश्कील आहे. नटही ताकदीचा आहे. मग बघणाऱ्या खऱ्या सेक्रेटरीला तो आपला माणूस वाटणारच.

त्याला दुष्ट केलं तर उलटंच बिघडतं. ‘मी काही असा नाही’ म्हणत बघणारा अंग काढून घेतो. चांगला मार्ग असा, की माणूस नेहमीच्या घरातला, सभ्य ठेवायचा, पण हशा त्याच्या हजरजबाबीपणावर घ्यायचा नाही. तो अडतो तिथे घ्यायचा. वर ‘ते सगळ्यांना माहीत आहे’ म्हणताना तो अडलेला आहे. शिवाय नियमाची थोडी झळ कमिटीलाच आतल्या आत लागू द्या. उदाहरणार्थ, नोटिशीमुळे खजिनदाराचं औषध घेऊन आलेला मुलगा खालीच थांबतो आणि दुखऱ्या पायानं खजिनदारालाच उतरावं लागतं. झळ छोटी असावी. मोठी शिक्षा दिलीत की बोधकथा होते.

क्लिपचा धोका वेगळाच. तुमचं तीन मिनिटांचं स्किट कुणीतरी पंधरा-वीस सेकंदांत कापून पुढे पाठवणार, हे गृहीत धरूनच लिहा. संहितेतला कुठलाही वीस सेकंदांचा तुकडा, म्हणजे साधारण ४५ शब्द, बाजूला काढून वाचा. त्यात फक्त नियम करणाऱ्याची बाजू येत असेल तर मॅनेजरचा प्रश्न वर ओढा. नियम आणि त्यावरचा प्रश्न एकाच शॉटमध्ये असेल तर कापणाऱ्याला ते तोडणं अवघड जातं. जातीवाचक शिवी किंवा अपमानाचा शब्द याच कारणानं पात्राच्या तोंडी देऊ नका. तुमचा हेतू संदर्भात असतो, क्लिपला संदर्भ नसतो. ज्यांना तो शब्द आयुष्यभर ऐकावा लागलाय त्यांना तो पुन्हा ऐकवायची गरजही नसते. न उच्चारलेला शब्द तीन सेकंदांच्या शांततेत जास्त मोठा ऐकू येतो.

मराठीत लिहिताना दोन गोष्टी सगळ्यात जास्त घोटाळा करतात, नाव आणि बोली. आपल्याकडे आडनाव कानावर पडलं की प्रेक्षक जात लावतो, निदान अंदाज तरी करतो. सेक्रेटरीला एक आडनाव दिलंत की स्किट लिफ्टबद्दल राहत नाही, त्या समाजाबद्दल होतं. कमेंटमध्ये भांडण तेवढ्यावरच चालतं. विषय जातीचा असेल तर आडनाव विचार करून, हिमतीनं द्या. नसेल तर हुद्दा किंवा पहिलं नाव वापरा: सेक्रेटरी काका, चेअरमनबाई, संगीतामावशी. नावफलक, दारावरची पाटी, व्हॉट्सअ‍ॅप स्क्रीनवरचं नाव यांतूनही आडनाव डोकावतं. शूटच्या आदल्या दिवशी एकदा त्या नजरेनं फ्रेम तपासा.

बोलीचं तसंच. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाड्यातला हेल आला की पात्र भाबडं किंवा अडाणी आहे, ही सवय सिनेमा-नाटकांनी लावलेली आहे. ‘लिप’वरचा हशा त्याच सवयीतून येतो. करून बघण्यासारखी उलटी गोष्ट अशी: मावशी सरळ, मोजकं बोलते आणि सगळी गुंतागुंत कमिटीच्या प्रमाण, कार्यालयीन मराठीत ठेवायची. ‘कळविण्यात येते’, ‘मुभा राहील’, ‘वगळून’ ही भाषा स्वतःच विनोदी आहे, कारण तिच्यात कर्ता लपतो. ‘कळविण्यात येते’ मध्ये कळवणारा कोण ते कळतच नाही. पात्राला बोली द्यायचीच असेल तर ती बोली घरी बोलणारा नट घ्या आणि संवाद त्याला त्याच्या पद्धतीनं फिरवू द्या. पुरुषानं साडी नेसून मावशी करणं मात्र या विषयात टाळाच. पहिला, दुसरा आणि तिसरा हशा साडीवरच जातो. विषय तिथेच संपतो.

लिहिण्याआधीचं काम म्हणजे नियम वाचणं. सोसायटीवर लिहायचं तर आदर्श उपविधी (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम चाळा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. भाडेकरू ठेवल्यावर लागणारा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. असे दोन बारकावे संवादात सहज आले की खरा सेक्रेटरी कान टवकारतो, कारण लिहिणाऱ्याला माहिती आहे हे त्याला कळतं. चुकीचा नियम आला तर तो पहिल्याच कमेंटमध्ये तुम्हाला गाठेल आणि पुढची चर्चा त्या चुकीवर होईल. घरकामावर लिहिताना महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, हे ठाऊक असायला हवं. जातपंचायतीवर लिहिताना सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा. ही माहिती संवादात कोंबू नका. व्हिडिओखाली स्वतःची एक कमेंट पिन करा आणि तिथे चार ओळींत द्या. स्किट चिमटा काढतं, पिन केलेली कमेंट पुढचं दार दाखवते.

लांबी. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्सला आणि जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्राम रील्सला तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. तेवढ्यात ३५० ते ४०० शब्दांचे संवाद बसतात, शांततेसह. तुमची संहिता ६१० शब्दांची आहे, म्हणून सगळे धावत बोलतायत. मुख्य पात्रं चारपेक्षा जास्त नकोत. मावशी वेगळ्या शॉटमध्ये आहे म्हणून इथे पाचवी चालते. पहिला हशा १५ सेकंदांच्या आत हवा. पहिल्या तीन सेकंदांत प्रसंग कळला पाहिजे, त्यामुळे चॅनेलचं चिन्ह, संगीत आणि गटाची ओळख शेवटी टाका. ‘टाइप करा’ या शब्दांवरच उघडा.

शूटिंगचा भाग थोडक्यात, कारण तुमची चित्रं चांगली आहेत. उभ्या फ्रेममध्ये टेबलाभोवती चार माणसं मावत नाहीत, म्हणून तुम्ही सतत कट करत होतात आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे हरवत होते. मॅनेजरला संगणकापुढे बसवा, कॅमेरा स्क्रीनच्या मागे ठेवा आणि तिघांना त्याच्या पाठीमागून वाकून स्क्रीनकडे बघायला सांगा. चारही चेहरे उभ्या चौकटीत एकावर एक बसतात. ‘राहिलं कोण’ वरची शांतता एकाच शॉटमध्ये मिळते, आणि वर म्हटलेला क्लिपचा धोकाही कमी होतो. पूर्ण प्रसंग या चौकटीत तीनदा घ्या. मग प्रत्येकाचा क्लोजअप, पूर्ण प्रसंग चालू ठेवून, दोनदा. त्यात तो बोलत नसतानाचं ऐकणंही येतं आणि एडिटमध्ये तेच सोन्यासारखं वापरता येतं. ट्यूबलाइटखाली फोनवर शूट करताना पट्टे हलताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, फोन ३० वरच अडत असेल तर शटर १/१००.

आवाजाकडे मात्र जास्त लक्ष द्या. पंखा बंद, फ्रिज बंद. घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या की निघताना तो पुन्हा सुरू करायचं विसरत नाही, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. सिंथेटिक साडीचा पदर माइकवर घासतो आणि मावशीचं एकमेव वाक्य खराब होतं. तेव्हा माइक पदराला लावू नका, ब्लाउजच्या काठाला टेपनं बसवा आणि पदर त्या बाजूनं पिनेनं आवरा. शेवटी खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. तीन सेकंदांचा तो विराम भरायला तीच लागते. संपूर्ण निःशब्द तुकडा टाकला तर बघणाऱ्याला आवाज गेल्यासारखं वाटतं.

कुत्र्याचा शॉट करताना जिवाची काळजी घ्या. पट्टा लिफ्टच्या दारात अडकून लिफ्ट हलली तर कुत्र्याचा गळा आवळला जातो. शॉटपुरती लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं, ऑपरेटरच्या देखरेखीखाली बंद करून ठेवा. कुत्र्याच्या मालकाला आत कोपऱ्यात फ्रेमबाहेर बसवा. दार उघडण्याची हालचाल वेगळी, रिकाम्या लिफ्टची घ्या आणि एडिटमध्ये जोडा. स्टीलच्या भिंतीत कॅमेरा दिसतो, म्हणून समोरून न घेता थोडं तिरकं उभं राहा. परवानगी लेखी घ्या आणि पत्रात विषय खरा लिहा. हा विषय ऐकून कमिटीनं नाही म्हटलं तर ऑफिसच्या इमारतीत घ्या. खोटं कारण सांगून केलेलं शूट पुढे तुमच्याच अंगाशी येतं.

एडिटमध्ये तुमची एकच मोठी चूक आहे. प्रत्येक हशावर ढॅण-ढॅण आवाज आणि झूम आहे. हशाची जागा दाखवून दिली की प्रेक्षक पात्राला हसतो, परिस्थितीकडे बघत नाही. सगळे आवाज काढा. नाटकात प्रेक्षक हसतो म्हणून नट थांबतो. फोनवर तो थांबा तुम्हाला कापून द्यावा लागतो. हशाच्या वाक्यानंतर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर १२ ते १५ फ्रेम थांबा. आणि सबटायटल्स. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून ती हवीतच. पण पूर्ण वाक्य एकदम दिसलं तर नट बोलायच्या आधी विनोद वाचून होतो. मराठीत वजन बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, क्रियापदापाशी असतं. ‘लिहिलं तर’ एवढंच आधी, आणि ‘वाईट दिसतं’ उच्चाराच्या क्षणी. इंग्रजी सबटायटल करताना शब्दक्रम उलटतो आणि वजनाचा शब्द पुढे येतो, तेव्हा वाक्य असं फिरवा की अट आधीच येईल. खालचा पाव भाग रिकामा ठेवा, तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात.

कायद्याबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही दिसतात. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ऑनलाइन स्किटला आधी कुणाची मंजुरी लागत नाही. त्यामुळे जे व्हायचं ते प्रसिद्ध झाल्यावर होतं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, म्हणून सगळं मोकळं झालं असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये, समाजगटांत वैर वाढवणं १९६ मध्ये आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं २९९ मध्ये आहे. बदनामीची तक्रार संस्था किंवा माणसांचा समूहही करू शकतो. खऱ्या सोसायटीचं नाव, गेट, पार्किंगमधल्या गाडीचा नंबर यांतलं काहीही दिसू देऊ नका. काल्पनिक नावातही गडबड होते, ‘गुलमोहर’ नावाची सोसायटी प्रत्येक शहरात सापडेल. नुसतं ‘सोसायटी’ म्हणा. टीका वृत्तीवर ठेवली की ती कायद्याच्या नजरेतही जास्त सुरक्षित राहते आणि जास्त लोकांना लागूही पडते. सिनेमाचं गाणं पाठीमागे लावू नका. हक्कधारकानं दावा केला की यूट्यूबवर उत्पन्न त्याच्याकडे जातं किंवा व्हिडिओ अडतो. आणि घरबांधणी कंपनीचं प्रायोजकत्व या स्किटला घेऊ नका. इतर कुठल्या प्रायोजकाचं घेतलंत तर जाहिरात असल्याचं ठळक लिहा. जाहिरात मानक परिषदेनं जून २०२१ पासून तसा दंडकच घातला आहे.

परीक्षण शूटच्या आधी करा, नंतर नाही. संहिता पाच माणसांना वाचून दाखवा. त्यातली एक सोसायटीच्या कमिटीवर काम केलेली असावी आणि निदान एक घरकाम करणारी बाई असावी. तिच्या तासाभराचे पैसे द्या, कारण तेवढ्या वेळात तिचं एक घर बुडतं. ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘यात चूक कुणाची होती?’ आणि ‘कुठे हसलात?’ हे दोनच प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर ‘वॉचमनची’ किंवा ‘जमाना असाच आहे’ असं आलं तर संहिता परत घ्या. प्रसिद्ध झाल्यावर व्ह्यूजपेक्षा कमेंटचा प्रकार बघा. पहिल्या शंभरांत ‘आमच्याकडे पण अशीच नोटीस आहे’ किती आणि ‘मावशी भारी’ किती, हे हातानं मोजा. प्रेक्षक कुठपर्यंत टिकून बघतात, त्याचा आलेखही उघडा. तो ‘राहिलं कोण’ च्या शांततेवर घसरला तर विराम एक सेकंदानं कमी करा, पण काढू नका. कमिटीच्या बाजूनं कुणी शांतपणे लिहिलं, की चोऱ्या होतात म्हणून नियम केला, तर त्याला उत्तर द्या, टोमणा मारू नका. चोरी आणि लिफ्ट यांचा संबंध काय, हा प्रश्न तिथेच चांगला विचारता येतो. तुमच्या पुढच्या स्किटचा विषय बऱ्याचदा अशा कमेंटमध्येच सापडतो.

एडिट पूर्ण झाल्यावर, टाकायच्या आदल्या दिवशी, वाचनाला आलेल्या त्या बाईला फोनवर कट दाखवा. शेवटच्या शॉटमध्ये मावशीच्या हातात पिशवी आहे का, चपला कशा आहेत, ब्रूनोचा पट्टा ती कुठे धरते, या गोष्टी तिला तुमच्यापेक्षा आधी खटकतील. त्यासाठी तळमजल्याचा शॉट पुन्हा घ्यायची वेळ शिल्लक ठेवा.